मागच्या फाटकाला कुलूप कशासाठी?

पुण्याच्या बिबवेवाडीतल्या नव्या इमारतीच्या माहितीपत्रकात पहिले चित्र टेकडीचे असते. आठव्या मजल्यावरची गॅलरी, समोर पावसाळ्यातला हिरवा उतार, आणि त्या उताराच्या जिवावर चौरस फुटामागे वाढवलेला दर. पुढे ताबा मिळतो, सोसायटी नोंदली जाते, समिती निवडून येते आणि चार-दोन बैठकांत एक विषय हमखास पटलावर येतो: टेकडीकडचे मागचे फाटक. बाहेरची माणसे आपल्या आवारातून वर जातात, सबब ते कायमचे बंद करावे. हात वर होतात, ठराव मंजूर होतो, फाटकाला साखळी पडते. शेजारी पाटी लागते. ‘हा रस्ता टेकडीकडे जात नाही’ अशी एक मी वाचली आहे. पाटीच्या मागे टेकडी स्वच्छ दिसत होती.

कुलपाच्या बाजूचे युक्तिवाद मी सर्वसाधारण सभांत ऐकत आलो आहे. मांडणारी माणसे वाईट नाहीत. पहाटे पाचला खिडकीखाली कोणी मोबाइलवर भजने लावून चालत असेल, तर माझीही झोप मोडेल. पण तक्रार खरी असली म्हणून तिच्यावर सुचवलेला इलाज बरोबर ठरत नाही, आणि इथे तो बरोबर नाही.

‘जागा आमची आहे’ हा पहिला आणि सर्वांत ठामपणे सांगितला जाणारा मुद्दा. अभिहस्तांतरण झाले असेल, तर जमीन सोसायटीची आहे यात वाद नाही. मात्र जमीन हाती येते ती तिच्यावरच्या बोज्यांसकट. खरेदीखतावर सह्या झाल्या म्हणून त्या जमिनीवरून जाणारी जुनी वहिवाट आपोआप पुसली जात नाही. म्हणून विचारायचे ते एवढेच, की बिल्डरने जमीन दिली तेव्हा तिच्यावर काय होते? हा प्रश्न समितीने कधी विचारलेला नसतो. मंजूर लेआउटचा नकाशा कपाटात असतो, पण तो उघडला जातो पार्किंगच्या भांडणात.

बिबवेवाडी हे एके काळी गाव होते, हे डॉल्फिन चौकात सिग्नलला उभे राहून आठवत नाही. गावाला गाव नकाशा असतो. त्यात गाडीमार्ग दोन तुटक रेघांनी दाखवतात आणि पायमार्ग एका तुटक रेघेने. त्या एकेरी तुटक रेघेलाही महसूल खात्याने रुंदी दिलेली आहे: सव्वाआठ फूट. डोक्यावर भारा घेतलेल्या दोन बायका समोरासमोर आल्या तर कोणालाही बांधावर चढावे लागणार नाही, एवढी ही जागा आहे. ज्यांनी हे आकडे ठरवले त्यांना चालणाऱ्या माणसाची किंमत कळत होती. खेड्यात अशी वाट कोणी नांगरून टाकली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांत तहसीलदाराकडे दावा करता येतो. तहसीलदार जागेवर येतो, पंचनामा करतो, वाट मोकळी करून देतो. महाराष्ट्रातल्या तहसील कचेऱ्यांत असे रस्त्याचे दावे आजही चालतात. हे सगळे शेतासाठी आहे. शेताचा लेआउट झाला, सातबाऱ्याच्या जागी मिळकत पत्रिका आली, की ही यंत्रणा मागे राहते आणि तिच्या जागी दुसरे काही येत नाही. गावात पायवाट अडवणाऱ्याला कचेरीत बोलावतात. शहरात तोच माणूस समितीचा कार्यक्षम सचिव म्हणवला जातो.

यावर जाणकार सभासद म्हणतात, आम्ही वाट खुली ठेवली तर वीस वर्षांनी लोकांचा हक्कच तयार होईल, म्हणून आजच बंद करणे शहाणपणाचे. ही भीती अर्धवट ऐकलेल्या कायद्यातून आली आहे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम 1882 चा. मुंबई इलाख्याला तो 1891 पासून लागू आहे. त्याच्या कलम 15 प्रमाणे 20 वर्षे उघडपणे, शांतपणे आणि हक्काने वापर झाला तर जाण्या-येण्याचा अधिकार पक्का होतो. ‘हक्काने’ ही अट महत्त्वाची आहे. परवानगीने केलेला वापर वीस काय, चाळीस वर्षे चालला तरी त्यातून हक्क जन्माला येत नाही. शिवाय हे कलम ज्याची दुसरी जमीन त्या वाटेवर अवलंबून आहे अशा मालकासाठी आहे. लुल्लानगरहून फिरायला येणारे आजोबा त्याचा आधार घेऊन तुमच्या आवारावर दावा सांगू शकत नाहीत. त्यांना आधार मिळालाच तर तो जुन्या प्रथेतून, वाट सार्वजनिक वापरासाठी सोडून दिल्याच्या पुराव्यातून किंवा लेआउट मंजूर करताना घातलेल्या अटीतून मिळेल. थोडक्यात, अशी वाट आधीच असेल तर कुलपाने ती नाहीशी होणार नाही, आणि नसेल तर फाटक उघडे ठेवल्याने नवी तयार होणार नाही. एवढी एक पाटी लावली की झाले: ‘ही वाट सोसायटीच्या परवानगीने खुली आहे.’ इंग्लंडात जमीनमालक नेमके हेच करतात. पाटी लावतात, स्थानिक प्रशासनाकडे तसे निवेदन दाखल करतात आणि लोकांना जाऊ देतात. पाट्या लावायला आपण मागेपुढे पाहणाऱ्यांतले नाही, मग ही एक जास्तीची लावायला काय हरकत आहे?

आणि मंजुरीत तशी अट असेल तर? त्याचा निकाल गोव्यात लागून गेला आहे. पणजीजवळच्या वायंगिणी किनाऱ्यावर सिदाद द गोवा हे हॉटेल उभे राहिले. त्यासाठी सरकारने जमीन संपादन करून दिली आणि करारात किनाऱ्यावर जाण्याची लोकांची वाट अडवायची नाही अशी अट घातली. पुढे हॉटेलचा विस्तार झाला आणि वाट त्यात गेली. गावातले लोक कोर्टात गेले. 20 जानेवारी 2009 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि सांगितले, की समुद्रकिनाऱ्यासारखी संपत्ती सरकारकडे लोकांची विश्वस्त म्हणून असते. गोवा सरकारने मग ते बांधकाम वाचवण्यासाठी कायद्यालाच वळसा घातला, हे त्या गोष्टीचे शेपूट. सरकारे अशीच वागतात. पण न्यायालयाने मांडलेले तत्त्व त्यामुळे मागे गेले नाही. टेकडी आणि किनारा यांत फरक आहे, हेही मान्य. पुण्याच्या टेकड्यांवर बरीच जमीन खासगी मालकीची आहे. माझे म्हणणे एवढेच, की ‘खासगी’ हा शब्द उच्चारला म्हणजे चर्चा संपली असे भारतातले कोणतेही न्यायालय मानत नाही.

मालकीवरून आठवले. बिबवेवाडीकर सोसायट्यांना जो उतार खिडकीतून दिसतो, तो हिरवा राहिला कसा? 1987 च्या विकास आराखड्यात डोंगरमाथा आणि डोंगरउतार यांचा वेगळा विभाग ठेवला गेला आणि तिथल्या बांधकामावर कडक मर्यादा आल्या. 1997 मध्ये 23 गावे हद्दीत आली, त्यांच्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे, म्हणजे आपल्या बोलीतल्या बीडीपीचे आरक्षण सुचवले गेले. सुमारे 978 हेक्टर जागेचा हा प्रश्न सरकारदरबारी वर्षानुवर्षे लोंबकळला आणि 2015 मध्ये जमीनमालकांना 8 टक्के टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क, देऊन मार्गी लागला. बीडीपीच्या जमीनमालकांना हा मोबदला तुटपुंजा वाटतो आणि त्यांच्या जागी असतो तर मलाही वाटला असता. एक प्रकारे टेकडी मोकळी ठेवण्याची किंमत त्या मालकांनी दिली, आणि टीडीआरच्या रूपाने शहरभर वाढलेल्या मजल्यांतून बाकीच्या पुणेकरांनी दिली. त्यात टेकडीवर कधी न आलेले येरवड्याचे, हडपसरचे लोकही आले. पायथ्याच्या सोसायटीने काय दिले? तिने बिल्डरला ‘हिल व्ह्यू’चे पैसे दिले. ज्याची किंमत सगळ्या शहराने मोजली, त्याच्या दाराची किल्ली शंभर-सव्वाशे सदनिकाधारकांच्या खिशात राहावी, हा हिशेब मला जमत नाही.

आता त्रासाकडे. तो खरा आहे. रविवारी सकाळी सोसायटीच्या गल्लीत दुतर्फा गाड्या लागतात. चालायला येण्यासाठी लोक मोटारी घेऊन येतात, ही पुण्याची एक गंमत आहे. दूधवाल्याला वाट मिळत नाही, रुग्णवाहिका आली तर अडकेल. खाली राहणाऱ्यांच्या शयनगृहात जाणारा-येणारा डोकावतो. कुत्री सोडली जातात, चहाचे कागदी पेले गटारात पडतात. या प्रत्येक गोष्टीवर सोसायटीने भांडलेच पाहिजे. फक्त ही यादी पुन्हा वाचा. तिच्यातले दुखणे गाड्यांचे आहे, वेळेचे आहे, वागण्याचे आहे. पायी जाणाऱ्या माणसाचे त्यात काहीच नाही.

गाड्यांचे दुखणे तर कुलपानेच वाढवले आहे. एका डोंगरउतारावर चढायला सहा वाटा असतील तर आसपासची माणसे आपापल्या घराजवळून पायी चढतील. त्यातल्या पाच बंद केल्या की सगळे सहाव्या वाटेवर येणार, आणि ती घरापासून दोन किलोमीटरवर असल्याने गाडीने येणार. मग सहाव्या वाटेवरची सोसायटी वैतागते आणि तीही कुलूप घेऊन येते. प्रत्येक समितीने आपल्यापुरता शहाणपणाचा ठराव केलेला असतो आणि सगळ्यांचे मिळून तळजाई टेकडीच्या पायथ्याशी रविवारी वाहनतळ झालेला असतो. गर्दी नको असेल तर वाटा वाढवायला हव्यात. हे उलटे वाटते, म्हणून सभेत पटत नाही.

बाकीच्या दुखण्यांना साधे उपाय आहेत. फाटकाच्या जागी लोखंडी नळ्यांचे दोन कठडे आडवे-तिरके असे रोवायचे, की माणूस वळसा घेऊन पलीकडे जाईल, पण दुचाकीचे हँडल अडकेल. वेल्डिंगवाल्याचे एका दिवसाचे काम. चाकाच्या खुर्चीसाठी बाजूला एक रुंद झडप, तिची किल्ली रखवालदाराकडे. वाट इमारतीच्या भिंतीला लागून जात असेल तर ती आवाराच्या कडेने फिरवावी, मध्ये मेंदीचे किंवा बांबूचे कुंपण लावावे. वेळ ठरवावी: पहाटे साडेपाच ते रात्री साडेसात, पलीकडे बंद. महापालिकेची उद्याने सकाळ-संध्याकाळच उघडी असतात, त्याबद्दल कोणी उपोषणाला बसत नाही. वाजवायचे असेल ते कानात वाजवावे. कुत्रे पट्ट्याला.

मुंबईत मलबार हिलवर 2025 च्या मार्चअखेरीस झाडांच्या उंचीवरून जाणारी 485 मीटरची निसर्गवाट खुली झाली. मलबार हिल म्हणजे राज्यातल्या सर्वांत महागड्या वस्त्यांपैकी एक. तिथल्या रहिवाशांना शांतता आणि सुरक्षेची काळजी आपल्यापेक्षा कमी नसावी. तिथे वेळ पहाटे 5 ते रात्री 9 ठेवली, 25 रुपये तिकीट लावले, आगाऊ नोंदणीने एका वेळेची गर्दी बांधली. तिकिटाची कल्पना मला आवडत नाही. डोंगर चढायला पैसे पडू नयेत. पण पटले नाही तरी शिकण्यासारखे आहे: जिथे एका सदनिकेची किंमत आकड्यात लिहिताना शून्ये मोजावी लागतात, तिथेही सार्वजनिक वाट आणि शेजार एकत्र नांदवता येतात.

स्कॉटलंडने 2003 च्या कायद्यात तर खासगी जमिनीवरूनही जबाबदारीने चालण्याचा हक्क सर्वांना दिला, आणि त्याच कायद्यात घराभोवतीची, खासगीपणासाठी लागेल तेवढी जागा त्यातून वगळली. म्हणजे आठशे एकरांच्या जमीनदाराला चालणारा येऊ द्यावा लागतो, पण त्याच्या दिवाणखान्याच्या खिडकीशी कोणी उभे राहू शकत नाही. मला हा न्याय योग्य वाटतो. बिबवेवाडीत एखाद्या सोसायटीची वाट खरोखरच तळमजल्याच्या खिडक्यांखालून किंवा पार्किंगमधून जात असेल, नकाशात कुठेच नसेल आणि शेजारी दुसरी चांगली वाट असेल, तर त्या सोसायटीने खुशाल भिंत बांधावी. तिच्याशी माझे भांडण नाही.

सुरक्षेचा मुद्दा मात्र मी हलक्याने घेणार नाही. 3 ऑक्टोबर 2024 च्या रात्री बोपदेव घाटात एका तरुणीवर सामूहिक अत्याचार झाला. बोपदेव इथून लांब नाही, कोंढवा ओलांडले की आलाच. त्यानंतर शहरातल्या टेकड्यांवर दिवे, कॅमेरे, सायरन यांची चर्चा सुरू झाली, आणि अनेक घरांतून मुलींना टेकडी बंद झाली. या भीतीला उत्तर म्हणून सोसायट्या फाटक बंद करतात तेव्हा त्या नेमके काय करतात? टेकडी तिथेच राहते. तिच्यावर वावरणारी साधी माणसे, म्हणजे आजी-आजोबा, पहाटे धावणाऱ्या मुली, शनिवारी झाडांना पाणी घालणारे, कमी होतात. ज्याला वाईट करायचे आहे तो फाटकाने येत नाही. त्याला निर्जन जागा हवी असते आणि ती आपण कुलूप लावून तयार करून देतो. चोरीबद्दलही तेच. रात्री फाटक बंद असावे, त्याला माझा पाठिंबा आहे. पण सकाळी सहा ते नऊ या वेळात रखवालदार आणि पन्नास चालणारी माणसे यांच्या देखत घरफोडी करणारा चोर मला दाखवा.

आणखी एक शब्द सभेत फार सहज येतो: ‘बाहेरचे’. बिबवेवाडीत हा शब्द कोणाला उद्देशून असतो, हे सगळ्यांना ठाऊक असते आणि इतिवृत्तात कोणी लिहीत नाही. टेकडीच्या अंगाला एकीकडे सोसायट्या आहेत आणि एकीकडे ओटा स्कीम, अप्पर आणि लोअर इंदिरानगर. तिथल्या दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या माणसाला अंगण नाही, गच्ची नाही, क्लब हाऊस नाही. मोकळ्या हवेची त्याची गरज आपल्यापेक्षा जास्त आहे. त्याच वस्तीतल्या बाई सकाळी आठला आपल्या पुढच्या फाटकातून येतात. त्यांचा फोटो ॲपवर आहे, रखवालदार त्यांना नावाने ओळखतो, आपल्या घराची किल्लीही त्यांच्याकडे असते. संध्याकाळी त्याच बाई नातवाला घेऊन मागच्या फाटकाशी आल्या, की त्या ‘बाहेरच्या’. जिच्यावर स्वयंपाकघर सोपवतो तिच्यावर चाळीस पावलांची वाट सोपवत नाही, याला सुरक्षा म्हणायचे असेल तर म्हणा. शेजारच्या पर्वतीने 1929 च्या ऑक्टोबरात काय पाहिले, तेही एकदा वाचावे. शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज, काकासाहेब गाडगीळ, एस. एम. जोशी मंदिरप्रवेशासाठी टेकडी चढले आणि वरून दगड आले. तो अन्याय वेगळा आणि फार मोठा होता, कुलपाची त्याच्याशी बरोबरी करण्याचा बाष्कळपणा मी करणार नाही. मात्र या शहरात टेकडीवर कोणी चढावे हा प्रश्न कधीच नुसता मालमत्तेचा नव्हता.

शेवटचा युक्तिवाद सर्वांत चलाख आहे: लोक आले की टेकडी खराब होते, आम्ही तिचे रक्षण करतो. पावसाळ्यात वर जाऊन पाहावे. टेकडीचे लचके कोण तोडते? रात्री राडारोड्याचे डंपर रिकामे होतात, ते रस्त्याच्या बाजूने येतात. जेसीबी उतार सपाट करतो, चुन्याच्या रेघा मारून गुंठ्याने प्लॉट विकले जातात, पत्र्याच्या शेड उभ्या राहतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये वाळलेले गवत पेटते. यातली एकही गोष्ट कॅनव्हासचे बूट घातलेला निवृत्त बँक अधिकारी करत नाही. उलट ती पहिल्यांदा त्याला दिसते, तो फोटो काढतो, क्षेत्रीय कार्यालयात खेटे घालतो, वर्तमानपत्राला पत्र लिहितो. एप्रिल 2023 मध्ये बालभारती–पौड फाटा रस्त्याविरुद्ध वेताळ टेकडीसाठी हजारो लोक रस्त्यावर आले. ती माणसे त्या टेकडीवर रोज चालणारी होती. ज्यांना ती फक्त खिडकीतून दिसत होती, त्यांनी फार तर संदेश पुढे पाठवला असेल. 2025 मध्ये सरकारने बीडीपी आणि डोंगरमाथा-डोंगरउताराच्या आरक्षणांचा अभ्यास करायला समिती नेमली आहे. तिच्या अहवालावर हरकती मागवल्या गेल्या, तर बिबवेवाडीच्या बाजूने कोण उभे राहणार? दहा वर्षे जिच्या वाटा बंद ठेवल्या, त्या टेकडीसाठी अप्पर डेपोपासून मोर्चा निघेल अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? आणि उतारावर बांधकामाला मोकळीक मिळाली, तर ‘हिल व्ह्यू’समोर पंधरा मजली इमारत उभी राहील. तेव्हा कुलूप लावणाऱ्या समितीला बाहेरच्यांची आठवण येईल.

सोसायट्यांवर एवढे बोलल्यावर महापालिकेला मोकळे सोडणे बरोबर होणार नाही. लेआउट मंजूर करताना टेकडीकडची वाट नकाशात दाखवून घेणे, गाव नकाशातल्या तुटक रेघा विकास आराखड्यात उतरवणे, वर जाणाऱ्या प्रत्येक वाटेची यादी लोकांसमोर ठेवणे हे तिचे काम आहे, आणि ते तिने टाळले म्हणून शेजारी-शेजारी भांडतात. सौरऊर्जा, गांडूळखत, पावसाचे पाणी साठवणे यांसाठी मिळकतकरात 5 ते 10 टक्के सवलत महापालिका देतेच. जी सोसायटी आपल्या आवारातून वाट खुली ठेवते, ती झाडलोट करते, कठडे बसवते, रखवालदाराचा जास्तीचा पगार देते. तिलाही तीच सवलत द्यावी आणि गल्लीत रविवारी सकाळी वाहने उभी करायला बंदी घालून ती वाहतूक पोलिसांकडून पाळून घ्यावी. हे होईपर्यंत सोसायटीने एकटीने भुर्दंड सोसावा असे म्हणणे अन्यायाचे आहे, हेही समित्यांचे म्हणणे मला मान्य आहे.

पण तोवर येत्या सर्वसाधारण सभेत एका सभासदाने उठून दोन कागद मागावेत: मंजूर लेआउट, आणि भूमी अभिलेख कार्यालयातून काढलेल्या गाव नकाशाची नक्कल. समितीकडे नसतील तर माहिती अधिकारात महिन्याभरात मिळतात. ते टेबलावर पसरेपर्यंत कुलपाचा ठराव तहकूब ठेवावा, आणि मागच्या फाटकाची किल्ली सचिवांच्या घरी न ठेवता रखवालदाराकडे द्यावी, कारण साडेपाचला जागा असतो तो तोच.